ऊन, उंदीर आणि विसरलेला स्नॅपशॉट

मागच्या अंकात मी लिहिलं होतं, सर्व्हर, स्टोरेज, नेटवर्क यांच्याबद्दल काहीही विचारा, पण विचारताना आकडे द्या. पत्रं पिशवीभर आली, आकडे मूठभरच. नुसतं ‘सर्व्हर स्लो आहे, उपाय सांगा’ एवढंच लिहिलेली नऊ पत्रं मी बाजूला ठेवली आहेत. सोलापूरच्या पार्क चौकात रिक्षा थांबवून ‘तिकडं सोडा’ म्हणण्यासारखं आहे ते. बाकीच्यांतली सात इथं घेते.

ताई, चिंचोळी एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. दोन सर्व्हर, प्रत्येकात बारा-बारा कोरचे दोन प्रोसेसर, सगळे मिळून १४ व्हीएम, म्हणजे सर्व्हरच्या पोटात चालणारी आभासी यंत्रं. २०१९ मध्ये ती चालवणाऱ्या व्हीएमवेअर या सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना घेतला होता. आता नवं कोटेशन बघून मालक म्हणतात, त्याऐवजी फुकटचं प्रॉक्समॉक्स टाक. टाकू का?

टाका. पण ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून टाकणार असाल तर थांबा.

आधी तुमच्या मालकांचं कोटेशन एवढं का फुगलं ते बघू, कारण ते त्यांना समजावायला तुम्हालाच लागणार आहे. ब्रॉडकॉमनं नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली आणि पुढच्याच महिन्यात कायमच्या परवान्यांची विक्री थांबवली. आता वर्गणी, तीही कोरवर. एका प्रोसेसरमागं कमीत कमी १६ कोर मोजले जातात. तुमचे खरे कोर ४८, बिल ६४ कोरचं. जे सोळा कोर तुमच्या मशीनमध्ये नाहीतच, त्यांचेही पैसे.

तुमचा जुना परवाना मात्र रद्द झालेला नाही. उद्या सकाळी मशीन बंद पडणार नाही, तेव्हा घाईनं शनिवार-रविवारात सगळं उलथंपालथं करू नका. अडचण पॅचची, म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्यांची आहे. आवृत्ती ६.७ चा सर्वसाधारण सपोर्ट ऑक्टोबर २०२२ मध्ये संपला, ७ चा २ ऑक्टोबर २०२५ ला. फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारे खंडणीखोर व्हायरसवाले नेमके असेच न पॅचलेले होस्ट (व्हीएम ज्यावर चालतात ते सर्व्हर) शोधत असतात. एक होस्ट हाती लागला की चौदाच्या चौदा व्हीएम एका दमात जातात.

प्रॉक्समॉक्स हे काही पोराटोरांचं खेळणं नव्हे. व्हिएन्नातल्या कंपनीनं २००८ मध्ये पहिली आवृत्ती काढली. खाली डेबियन लिनक्स आणि व्हीएम चालवणारं केव्हीएम. केव्हीएम तर २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. वापरायला पैसे नाहीत, पण पारखलेले अपडेट मिळणारं भांडार वर्गणीवर मिळतं आणि ती वर्गणी प्रोसेसरच्या सॉकेटवर असते, कोरवर नाही. कारखाना ज्यावर चालतो त्यासाठी ती घ्या. मालकांना कोटेशनशेजारी ठेवून दाखवा, तेच हो म्हणतील.

आता हलवण्याचं काम. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून, म्हणजे व्हीएमवेअरच्या होस्टवरून, व्हीएम सरळ उचलून आणायची सोय आहे, त्यामुळं निम्मं काम बटण दाबून होतं. उरलेल्या निम्म्यात लोक अडकतात. उचलण्याआधी त्या व्हीएममधले सगळे स्नॅपशॉट (मध्येच गोठवून ठेवलेल्या अवस्था) काढून टाका. व्हीएमवेअर टूल्स तिथंच, जुन्या घरात असतानाच काढा. नव्या घरात आल्यावर ते निघता निघत नाहीत. मशीन जुन्या बायोसवर आहे की यूईएफआयवर (मशीन सुरू होण्याच्या या दोन पद्धती) ते लिहून घ्या आणि इकडं तेच निवडा. विंडोजची व्हीएम पहिल्यांदा साटा डिस्कवर चालू करा, तिला व्हर्टआयओची (व्हीएमसाठीच्या वेगवान जोडणीची) एक जीबीची रिकामी डिस्क जोडा, ड्रायव्हर बसवा, बंद करा आणि मग मुख्य डिस्क व्हर्टआयओवर न्या. ही रिकाम्या डिस्कची युक्ती माहीत नसली की निळा स्क्रीन येतो आणि लोक प्रॉक्समॉक्सला शिव्या घालतात. आयपी पत्ता आधी कागदावर उतरवून घ्या. नवीन नेटवर्क कार्ड दिसल्यावर विंडोज म्हणतं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाला दिलाय. ते दुसरं कार्ड म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेलं जुन्या घरचं भूत. लपलेली उपकरणं दाखवायला सांगून ते काढावं लागतं.

आणि डोंगल! तुमच्या हिशेबाच्या किंवा डिझाइनच्या सॉफ्टवेअरचा परवाना यूएसबी डोंगलला, नेटवर्क कार्डाच्या मॅक पत्त्याला किंवा मशीनच्या ओळखीला बांधलेला आहे का, हे त्या कंपनीला आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या. मी एकदा रात्री दोन वाजता सगळं बिनचूक हलवून चहा प्यायला बसले आणि सकाळी नऊला समजलं की बारकोडचं सॉफ्टवेअर मशीन ओळखत नाही, म्हणून गाडी भरता येत नाही. ड्रायव्हर गेटवर, टॉवेलचे गठ्ठे आत. मॅक पत्ता जुनाच दिला आणि सुटले, पण तोपर्यंत दहा वाजले होते.

पहिली व्हीएम सगळ्यांत कमी महत्त्वाची घ्या. हजेरी मशीनची वगैरे. ती आठवडाभर चालू दे. जुनी प्रत बंद ठेवा, पुसू नका. चौदा हलवायला दीड-दोन महिने लागले तरी चालतील.

तुमच्याकडं विंडोज सर्व्हरचा डेटासेंटर परवाना आधीच असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीचाही हिशेब मांडा. स्टँडर्ड परवान्यात दोनच विंडोज व्हीएम बसतात, डेटासेंटरमध्ये हव्या तितक्या. शिवाय तुमच्या गैरहजेरीत दुसऱ्या कुणाला माऊसनं चालवता येईल असं काय, हाही प्रश्न आहेच. सुट्टी तुम्हालाही लागते.

आमच्या रुग्णालयात सकाळी दहा ते एक ओपीडीचं सॉफ्टवेअर फार रेंगाळतं. व्हेंडरनं व्हीएमचे प्रोसेसर वाढवायला सांगितले. चारचे बारा केले, तर आणखी हळू झालं. सीपीयूचा आलेख १५ टक्क्यांच्या वर जात नाही. आता रॅम वाढवू का? (सात रस्ता परिसर)

शाब्बास, तुम्ही आकडा दिलात. आणि उत्तर त्याच आकड्यात आहे. सीपीयू १५ टक्के आहे म्हणजे सीपीयूला काम नाही, तो कुणाची तरी वाट बघतोय.

चारचे बारा केल्यावर हळू का झालं? हायपरव्हायजरला, म्हणजे व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्या व्हीएमचे बारा प्रोसेसर चालवायला होस्टवर तेवढे कोर मोकळे मिळवावे लागतात. होस्टच जर सोळा कोरचा असेल आणि त्यावर आणखी सात व्हीएम असतील, तर ती व्हीएम रांगेत ताटकळते. हा ताटकळण्याचा वेळ ‘सीपीयू रेडी’ नावानं दिसतो. पाच टक्क्यांच्या पुढं गेला की माणसांना जाणवतो. पुन्हा चारवर आणा. आजच.

माझे वडील मिलमध्ये जॉबर होते. कापडात दोष आला की नवशिका कापडच उलटंपालटं करून बघायचा. वडील आधी धोट्याला हात लावायचे, मग फणीला, मग ताण्याला. दोष दिसतो कापडात, असतो मागात. तुम्ही तेच करा: डिस्कचा प्रतिसाद किती मिलिसेकंद येतो ते दहा वाजता, बारा वाजता आणि रात्री नऊला लिहून काढा. एसएसडीवर एक-दोन मिलिसेकंद यायला हवेत. सतत वीस-पंचवीसच्या वर असेल, तर खिडकीवरचा माणूस केसपेपरची वाट बघत बसणारच.

आता स्टोरेजवर किती आणि कसल्या डिस्क आहेत ते बघा. ७२०० फेऱ्यांची एक साधी डिस्क सेकंदाला सुमारे ७५ ते ८० वाचन-लेखनं करते. अशा चार डिस्कचा रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचेल अशी जोडणी) असेल, तर वाचनं तीनशेच्या आसपास, पण प्रत्येक लेखनामागं चार कामं होतात, म्हणून लेखनं जेमतेम ७५. ओपीडीत चाळीस जण एकाच वेळी नोंदी करतात. पंचाहत्तरात चाळीस जणांचं कसं भागणार?

हे सगळं बघितल्यावरही उत्तर सापडलं नाही, तर माझा पैज लावून संशय स्नॅपशॉटवर. एका ठिकाणी अशीच तक्रार होती. यादी उघडली, तर ‘अपडेटच्या आधी’ नावाचा एक स्नॅपशॉट. तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. अपडेट त्याच रात्री नीट पार पडलं होतं आणि घेणारा पोरगा नोकरी सोडून पुण्याला गेला होता. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्क गोठते आणि त्यानंतरचं प्रत्येक लेखन वेगळ्या फाइलमध्ये साठत जातं. ती फाइल ६८० जीबीची झाली होती. व्हीएमवेअरचं स्वतःचं म्हणणं आहे की एक स्नॅपशॉट ७२ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. काही वेळा बॅकअपचं सॉफ्टवेअरच काम अर्धवट सोडून असे मागं ठेवतं, म्हणून यादीत नाव नसलं तरी डेटास्टोअरच्या (व्हीएमच्या डिस्क जिथं साठतात त्या जागेच्या) फोल्डरमध्ये डेल्टा फाइली आहेत का ते डोळ्यांनी बघा.

सापडला तर दिवसाढवळ्या काढू नका. एवढी मोठी फाइल मूळ डिस्कमध्ये मिसळायला तास-तास लागतात आणि तेवढा वेळ डिस्कवर मरणाचा भार येतो. शनिवारी रात्री सुरू करा. ९९ टक्क्यांवर दीड तास अडकलेलं दिसेल. घाबरून मशीन रीस्टार्ट करायचं नाही, हात बांधून बसायचं. आणि त्याआधी बॅकअप.

जाता जाता, थिन डिस्क दिल्या असतील तर डेटास्टोअर किती भरलंय तेही बघा. आपल्याकडं नळाला पाणी काही दिवसांआड येतं. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक फ्लॅटला सांगितलेलं असतं, तुमच्या वाटणीचे हजार लिटर. टाकी मात्र पाच हजारांची आणि फ्लॅट बारा. रोज कुणीच सगळं वापरत नाही म्हणून चालून जातं. सणाला पाहुणे आले की टाकी कोरडी. थिन डिस्कचं असंच आहे, फरक एवढाच की टाकी कोरडी पडली की त्यावरच्या सगळ्याच व्हीएम जागच्या जागी थबकतात. ८० टक्क्यांवर इशारा लावून ठेवा.

आठ टीबीच्या चार डिस्क घेतल्यात. रेड ५ करू की १०? पाचमध्ये जागा जास्त मिळते. (बाळीवेस)

दहा. त्यात प्रत्येक डिस्कची जुळी प्रत असते, म्हणून २४ ऐवजी १६ टीबी मिळतील, मान्य. पण एक डिस्क गेल्यावर नवी भरायला, सेकंदाला १५० एमबीच्या वेगानं अगदी निवांत भरली तरी, पंधरा तास लागतात. वर काम चालू असेल तर दोन-तीन दिवसही. रेड ५ मध्ये तेवढा वेळ बाकीच्या तिन्ही डिस्क काठोकाठ वाचाव्या लागतात. त्यातली एखादी अडखळली की संपलं. व्हीएमसाठी मी मोठ्या फिरत्या डिस्कवर रेड ५ कधीच लावत नाही. आणि घेतलेल्या डिस्क एसएमआर पद्धतीच्या (पट्टे एकमेकांवर चढवून लिहिणाऱ्या, म्हणून लेखनात मंद) नाहीत ना, हे खोकं फोडण्याआधी तपासा. असतील तर दुकानदाराला परत करा.

पंढरपूरच्या पतसंस्थेत आम्ही दोन सर्व्हरचा क्लस्टर केलाय. चाचणी म्हणून मधली केबल काढली, तर दोन्ही सर्व्हरवरची कामं थांबली. एक गेला तर दुसऱ्यानं चालवायला हवं ना?

दुसऱ्यानं चालवायचं हे ठरवणार कोण? केबल तुटल्यावर दोघंही म्हणतात, मी जिवंत, तो मेला. दोघांनी एकच व्हीएम चालू करून एकाच डिस्कवर लिहायला घेतलं, तर तुमच्या खातेदारांच्या ठेवींची भेळ होईल. म्हणून बहुमत नसलं की क्लस्टर गप्प बसतो. दोनातलं एक हे बहुमत नव्हे. तुमचा क्लस्टर शहाण्यासारखा वागला.

तिसरं मत द्या. प्रॉक्समॉक्समध्ये त्याला क्यूडिव्हाइस म्हणतात, विंडोजमध्ये विटनेस. काम इतकं हलकं की रास्पबेरी पायएवढं यंत्रही पुरतं. ते वेगळ्या खोलीत, वेगळ्या यूपीएसवर ठेवा. एक चूक हमखास होते: हे तिसरं मत त्याच क्लस्टरमधल्या एखाद्या व्हीएमवर बसवलं जातं. म्हणजे भांडणाऱ्या दोघांपैकी एकाच्या खिशातला पंच.

विजापूर रोडला आमचं वसतिगृह आणि क्लासेस आहेत. ऑफिस, ३२ कॅमेरे, मुलांचे मोबाइल, सर्व्हर सगळं १९२.१६८.१ च्या एकाच जाळ्यात. पत्ते संपतात, अधूनमधून सगळंच बंद पडतं. कुणी म्हणतं सबनेट (पत्त्यांचा पट्टा) मोठं करा, कुणी म्हणतं व्हीलॅन करा, म्हणजे त्याच तारांवर वेगवेगळी जाळी. मॅडम, काय करू?

सबनेट मोठं केलंत तर पत्ते मिळतील, पण दुखणं तेवढंच मोठं होईल. व्हीलॅन करा.

आत्ता तुमच्याकडं २५४ पत्ते आहेत आणि पत्ते वाटणारं डीएचसीपी विंडोज सर्व्हरवर असेल तर एक पत्ता एका मोबाइलला आठ दिवसांसाठी दिला जातो, ही तिथली मूळ ठेवण. क्लासला एक दिवस आलेला मुलगा आठ दिवस पत्ता अडवून बसतो. पाहुण्यांच्या वायफायला ती मुदत चार तासांवर आणा. निम्मी ओरड आजच कमी होईल.

व्हीलॅनचे आकडे १ ते ४०९४ पर्यंत देता येतात, पण अंगात येऊन चाळीस करू नका. चार पुरेत: दहा सर्व्हरला, वीस ऑफिसला, तीस कॅमेऱ्यांना, चाळीस मुलांना. पत्त्यातला तिसरा आकडाही तोच ठेवा, १९२.१६८.३० दिसलं की कॅमेरा, डोकं खाजवायला नको. ३२ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएस धरले तर १२८ एमबीपीएस अखंड वाहतात. त्यांच्या वाटेत जुना शंभरचा स्विच असेल तर तो आधीच गुदमरलेला आहे. कॅमेऱ्यांच्या जाळ्यातून इंटरनेट आणि सर्व्हर दोन्हीकडं जायला मनाई करा, फक्त रेकॉर्डरपर्यंत वाट ठेवा.

व्हीएमचा होस्ट ज्या स्विच पोर्टला लागलाय तो ट्रंक, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र वाहणारा, करावा लागतो आणि त्या ट्रंकवर चारही व्हीलॅनना परवानगी द्यावी लागते. नव्या व्हीएमला पत्ता मिळेना म्हणून मला येणाऱ्या फोनमध्ये बहुतेक वेळा एवढंच राहिलेलं असतं. आणि हा बदल करताना होस्टला मॉनिटर-कीबोर्ड लावून त्याच्यासमोर उभं राहा. घरून लॅपटॉपवर करायला गेलात तर ज्या फांदीवर बसलात तीच कापाल.

आता ‘अधूनमधून सगळंच बंद पडतं’ याबद्दल. हा लूप असावा. एका साडीच्या दुकानात दिवाळीच्या आदल्या आठवड्यात, भर गर्दीत, तिन्ही मजल्यांची बिलिंग एकदम बंद पडली. मी पोचले तर स्विचचे सगळे दिवे एकाच वेळी पेटत-विझत होते, लग्नाच्या मांडवाच्या माळेसारखे. ज्यानं हे एकदा पाहिलंय त्याला निदान करायला लॅपटॉप उघडावा लागत नाही. मजल्यांकडं जाणारी एकेक अपलिंक उपटत गेले. दुसऱ्या मजल्याची केबल काढली आणि दिवे शांत. वर जाऊन बघते तर काउंटरखाली छोटा स्विच आणि त्यात एकाच केबलची दोन्ही टोकं. सफाईला आलेल्या मावशींना केबल लोंबकळताना दिसली, त्यांनी ती व्यवस्थित भोकात खोचून ठेवली. मदतनीस पोरगा डोक्याला हात लावून म्हणाला, ‘काय बे, एवढ्यानं?’ एवढ्यानंच. एक ब्रॉडकास्ट (सगळ्यांसाठी सोडलेलं) पाकीट त्या चक्रात शिरलं की गोल गोल फिरत राहतं आणि प्रत्येक फेरीला त्याच्या प्रती सगळीकडं जातात. रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री शोधून काढला तो हेच चक्र तोडायला. तुमच्या स्विचमध्ये तो असेलच. चालू आहे का बघा, आणि माणसांची यंत्रं लागतात त्या पोर्टवर बीपीडीयू गार्ड (स्पॅनिंग ट्रीचा निरोप आला की पोर्ट बंद करणारी सोय) लावा. काउंटरखालचे बिनडोक छोटे स्विच जमतील तितके काढून टाका. मावशींना काही बोलू नका. त्या दिवशी त्यांना बोलणाऱ्या मालकाला मी थांबवलं होतं.

सर्व्हर रूमचा एसी मे महिन्यात दम तोडतो. इथं पारा ४३ वर जातो. वीज गेली की यूपीएस वीस मिनिटं चालतो, मग सगळं धाडकन बंद. शिवाय उंदीर. (मंगळवेढा)

उंदरापासून सुरुवात करते, कारण बाकीच्यांना हसू येईल आणि येऊ नये. फायबरची पॅचकॉर्ड उंदरासाठी शेवयाच. खालून येणाऱ्या केबलींची भोकं तारेची जाळी आणि सिमेंटनं बुजवा, केबल लोखंडी पाइपातून आणा, आणि त्या खोलीत कुणीही डबा उघडायचा नाही. शेंगा चटणीचा एक सांडलेला कण पुरतो.

एसी एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम घ्या आणि आलटून पालटून चालवा. एक बिघडला तरी दुसरा असतो. रॅकच्या बरोबर वर बसवू नका, पाणी ठिबकतं. सर्व्हरच्या तोंडाशी हवा १८ ते २७ अंश असावी, भिंतीवरच्या रिमोटचा आकडा धरू नका. यूपीएसच्या बॅटऱ्या गरम खोलीत ठेवल्या असतील तर त्या थंड जागी हलवा. शिसे-आम्लाची बॅटरी २५ अंशांच्या वर दर आठ-दहा अंशांना निम्मं आयुष्य गमावते. पाच वर्षांची म्हणून घेतलेली तुमची बॅटरी दोनात का जाते, ते हेच.

वीस मिनिटांचं म्हणाल तर वीस मिनिटं भरपूर आहेत, कुणी वापरली तर. यूपीएसला नेटवर्क कार्ड किंवा यूएसबी जोडा आणि सातव्या मिनिटाला आपोआप बंद व्हायचा क्रम लावा: आधी व्हीएम, मग होस्ट, शेवटी स्टोरेज. चालू करताना उलटा, आणि सगळ्यांत आधी स्विच. इथं एक गाठ असते. डोमेन सर्व्हर आणि डीएनएस व्हीएमवर, आणि होस्ट स्टोरेजला नावानं शोधतो. नाव सांगणारा डीएनएस अजून झोपलेला, तो उठायला होस्ट हवा. कोंबडी आधी की अंडं. म्हणून स्टोरेजचे पत्ते होस्टवर आकड्यांतच लिहा.

दोन इमारतींमध्ये तांब्याची केबल लोंबकळत असेल तर वळीव येण्याआधी फायबर टाका. वीज कोसळायला तुमच्याच इमारतीवर कोसळावी लागत नाही. शेजारी पडली तरी त्या केबलमधून दोन्हीकडचे स्विच जळतात. मी चार जळलेले अजून ठेवलेत, नव्या गिऱ्हाइकांना दाखवायला.

बार्शीत आमची डाळ मिल आहे, आयटी म्हणजे मी एकटा. रोज रात्री व्हीएमचा बॅकअप यूएसबी डिस्कवर जातो, डिस्क सर्व्हरलाच लावलेली. आणखी खर्च करा म्हटलं की शेठ म्हणतात, ‘बॅकअप हाय की!’ त्यांना कसं पटवू? सर्व्हरला त्यांनी लिंबू-मिरचीही बांधलीय.

लिंबू-मिरची असू द्या, फक्त हवेच्या जाळीसमोर नको.

कायम लावून ठेवलेली डिस्क ही तिजोरीच्या चाव्यांचा जुडगा कुलपालाच अडकवून ठेवल्यासारखी आहे. खंडणीखोर व्हायरस आत आला की तो सर्व्हरसोबत तीही कुलूपबंद करतो. तीन डिस्क घ्या, पाळीपाळीनं लावा, दोन कायम मिलच्या बाहेर, त्यातली एक शेठच्या घरी कपाटात. पुढच्या वर्षी छोटी बॅकअपची मशीन घ्या आणि ती डोमेनला (ऑफिसच्या सामाईक लॉगिनला) जोडू नका, तिचा पासवर्डही वेगळा. हल्ला झालाच तर केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, सर्ट-इनला, सहा तासांत कळवावं लागतं आणि लॉग, म्हणजे मशीनच्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात, असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे; तेव्हा लॉगही दुसरीकडं ठेवा. ऑडिटरच्या तोंडून हे शेठच्या कानावर गेलं तर जास्त लवकर पटतं, हा माझा अनुभव.

आणि आता माझी चूक सांगते. २०१४ ची गोष्ट. एका गिऱ्हाइकाकडं अकरा महिने रोज सकाळी बॅकअपची हिरवी खूण यायची. स्टोरेज गेलं. बॅकअप उघडला, व्हीएम छान चालू झाली, विंडोज आलं, आणि डी ड्राइव्ह नाही. डेटाबेसची दुसरी डिस्क कुणीतरी ‘इंडिपेंडंट’ करून ठेवली होती. अशा डिस्कचा स्नॅपशॉट होत नाही, म्हणून बॅकअप तिला रोज शांतपणे वगळत होता आणि रोज तसं लॉगमध्ये लिहीतही होता. लॉग मी वाचत नव्हते. शेवटी अकाउंटंटबाईंच्या पेनड्राइव्हवरची दसऱ्याची प्रत सापडली आणि पुढच्या दोन महिन्यांची बिलं सहा जणांनी कागदावरून पुन्हा चढवली. त्या सहा जणांच्या शेजारी मीही बसले होते.

तेव्हापासून एका गिऱ्हाइकाकडं बॅकअप तपासायला आम्ही अमावस्या धरली आहे. त्या दिवशी तिथं मशीनची पूजा होतेच, म्हणून कुणी विसरत नाही. जुन्या मशीनवर, मुख्य जाळ्याला न जोडता, रात्रीच्या बॅकअपमधून सगळ्यांत मोठी व्हीएम उभी करायची. जोडली तर एकाच नावाचे दोन सर्व्हर भांडत बसतील. अकाउंटंटबाई येतात, शेवटचं बिल उघडतात, नंबर आणि रक्कम वहीशी ताडून बघतात आणि किती वेळ लागला ते मागच्या पानावर लिहितात. पहिल्यांदा सहा तास लागले होते. मागच्या अमावस्येला दोन तास चाळीस मिनिटं. तुमच्या शेठना एकदा त्या खुर्चीत बसवा आणि त्यांचंच कालचं बिल त्यांनाच शोधायला सांगा. आमच्याकडं नारळ बाईंनी मान हलवल्यावरच फुटतो.